चौतीस किलोंचा जोर : गाडीच्या सबवूफरची पेटी घरी बांधताना

बारा इंची सबवूफरचा, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा, पडदा एका दिशेला एक सेंटिमीटर सरकला की साधारण अर्धा लिटर हवा ढकलतो. पेटी बंद असली आणि आत बत्तीस लिटर हवा असली, तर त्या हवेला बाहेर जायला वाट नसते, ती दाबली जाते. हा दाब कागदावर काढला तर एकवीसशे पास्कलच्या घरात येतो. पास्कलवरून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही, म्हणून मी त्याला पेटीच्या मागच्या फळीच्या क्षेत्रफळाने गुणलं. उत्तर आलं चौतीस किलो. म्हणजे पूर्ण आवाजात एका फळीवर चौतीस किलोंचा जोर आधी बाहेर ढकलणार, मग तितकाच आत ओढणार, आणि चाळीस हर्ट्झच्या सुराला हे सेकंदात चाळीस वेळा होणार. माझ्या पेटीचा पुढचा सगळा आराखडा या एका आकड्याने ठरवला.

सबवूफर हवा होता तो पखवाजासाठी. आमच्या घरी भजन आहे, वडील पखवाज वाजवतात. गाडीच्या दारांमधल्या सहा इंची स्पीकरवर उजव्या पुडीचे बोल स्वच्छ ऐकू येतात, पण डाव्या पुडीचा घुमारा जवळजवळ नाहीसाच होतो. डाव्या पुडीला कणीक लावतात, कारण पुडी जड झाली की तिचा सूर खाली उतरतो. सबवूफरचा पडदाही याच कारणासाठी मुद्दाम जड केलेला असतो. मात्र जड पडदा हलवायला मोठा जोर लागतो आणि तो सगळा जोर शेवटी पेटीच्या भिंती सोसतात. पखवाजाचं खोड एका ओंडक्यातून कोरलेलं असतं, त्याला सांधेच नसतात. माझ्या पेटीला सहा फळ्या आणि बारा सांधे असणार होते.

सब मला ओळखीतून जुना मिळाला, त्याच्या पेटीसकट. ती पेटी बारा मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डाची होती आणि एका कोपऱ्यात ओल लागून फुगली होती. तिला टाकून देण्याआधी मी ती पालथी घातली, पडद्याला हलायला जागा राहावी म्हणून कडांखाली विटा दिल्या आणि वर आलेल्या मागच्या फळीवर रांगोळी भुरभुरली. मोबाइलवरून पन्नास हर्ट्झचा सूर सोडला. मधली रांगोळी उडायला लागली आणि सरकत सरकत कडांकडे गोळा झाली. फळी मध्यभागी वाकते आणि कडांपाशी स्थिर राहते, हे त्या पांढऱ्या चौकटीत स्पष्ट दिसत होतं. भिंत हलवण्यात गेलेली ताकद ऐकण्याच्या कामी येत नाही. वर ती हलणारी भिंत स्वतःचाही आवाज करते, आणि तो मूळ सुराशी जुळलेला असेलच असं नाही.

नवी पेटी किती मोठी करायची हे अंदाजाने ठरवायची गरज नसते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जे गणित मांडलं, त्यामुळे कुठल्याही स्पीकरची पेटी त्याच्या माहितीपत्रकातल्या तीन आकड्यांवरून काढता येते. माझ्या सबची मोकळ्या हवेतली कंपनसंख्या २८ हर्ट्झ, क्यूटीएस (पडद्याची थरथर किती लवकर शमते ते सांगणारा आकडा) ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर. व्हीएएस म्हणजे जितकी हवा स्पीकरच्या पडद्याच्या बैठकीइतकीच (पडदा ज्यावर तोललेला असतो तिच्याइतकीच) लवचीक असते तितके लिटर. बंद पेटीतली हवा स्प्रिंगचं काम करते आणि पेटी लहान होत गेली की ही स्प्रिंग कडक होत जाते. अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली ती याच विचारावर. पडद्याची बैठक सैल ठेवायची आणि त्याला सावरायचं काम बंद हवेवर सोपवायचं, हा तो विचार. त्याआधी एवढा खालचा सूर काढायला कपाटाएवढ्या पेट्या लागत.

साठ भागिले बत्तीस, त्यात एक मिळवायचा आणि वर्गमूळ काढायचं : जवळजवळ १.७. त्याने ०.४५ ला गुणलं की पेटीत बसवलेल्या सबचा क्यू ०.७६ येतो आणि २८ ला गुणलं की पेटीसकट त्याची कंपनसंख्या, साडेसत्तेचाळीस हर्ट्झ. पाठ्यपुस्तकातला आदर्श क्यू ०.७०७, पण तो गाठायला एकेचाळीस लिटरची पेटी लागली असती. माझी स्विफ्ट जुनी आहे, तिची डिकी दोनशे लिटरच्या आसपासची, आणि गावाला जाताना तिच्यात बॅगा आणि पखवाज दोन्ही बसवायचे असतात. शिवाय गाडीची केबिन लहान आणि बंद असल्यामुळे साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली स्वतःहून आवाज वाढवते. पेटीचा आवाज खाली जसजसा उतरतो, तसतशी केबिन तो उचलून धरते. म्हणून गाडीत बंद पेटी इतकी छान जमते. पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायला मुद्दाम ठेवलेली नळी, असलेली पेटी जास्त मोठ्याने वाजते हे खरं. पण मला मोठा आवाज नको होता, थाप पडली की ती तिथेच संपायला हवी होती. त्यामुळे बंद पेटीच, याबद्दल मनात शंका नव्हती.

आतली मापं ४६ गुणिले ३४ गुणिले २३ सेंटिमीटर धरली. हे होतात छत्तीस लिटर. त्यातून सबच्या मागच्या भागाचे दोन आणि आतल्या आधारांचे जवळपास दोन लिटर वजा केले की बत्तीस उरतात. आधारांची जागा आधीच हिशेबात धरली, हे मुद्दाम लिहिते आहे. पेटी आधी बांधायची आणि आधार मागाहून कोंबायचे, असं केलं की स्प्रिंग नकळत कडक होते.

लाकूड पुण्याच्या टिंबर मार्केटमधून आणलं. चांगलं प्लाय वजनाच्या मानाने एमडीएफपेक्षा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डापेक्षा) बरंच ताठ असतं आणि पाणीही सोसतं. रत्नागिरीत किंवा गोव्यात राहत असते तर डोळे मिटून मरीन प्लाय घेतलं असतं. पण स्वस्त प्लायच्या थरांमध्ये पोकळ्या असतात. स्क्रू नेमका पोकळीत गेला की पकड जाते, आणि पोकळीतला सुटा थर बासच्या सुराला फरफर करतो. एमडीएफ सगळीकडून सारखं असतं, सपाट असतं, त्याची कड हवा सोडत नाही. अठरा मिलिमीटरचं घेतलं. आठ बाय चारचा पूर्ण बोर्ड चाळीस किलोंच्या आसपास भरतो, तो घरी आणून कापण्यात अर्थ नव्हता. दुकानातल्याच पॅनेल सॉवर कापून घेतला आणि एका मापाचे सगळे तुकडे यंत्राची पट्टी न हलवता एकामागोमाग काढून द्यायला सांगितले. माप दोन मिलिमीटरने चुकलं तर चालतं, समोरासमोरच्या दोन फळ्यांमध्ये फरक पडलेला चालत नाही. सांध्याची फट तिथेच सुरू होते.

जोडणी आमच्या वाड्यातल्या सुतारमामांच्या अंगणात केली. ते सुतात बोलतात आणि मी मिलिमीटरमध्ये, पण गुण्या लावला की दोघांना एकच दिसतं. एमडीएफच्या कडेत स्क्रू सरळ घुसवला की कड फाटते, म्हणून आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं, मग पन्नास मिलिमीटरचा स्क्रू, आणि कोपऱ्यापासून दोन इंच लांब. खरी पकड फेव्हिकॉलची असते. तो सुकेपर्यंत फळ्या दाबून ठेवणं एवढंच स्क्रूचं काम. नीट चिकटलेला सांधा सुकल्यावर तोडायचा म्हटलं तर आधी एमडीएफ फाटतं.

मागची फळी मात्र मी चिकटवली नाही. फोमची पट्टी लावून नुसत्या स्क्रूंवर बसवली, कारण आधाराशिवाय आणि आधारासकट असा फरक मला डोळ्यांनी पाहायचा होता. पेटी पुन्हा विटांवर पालथी घातली आणि रांगोळी भुरभुरली. अठरा मिलिमीटरच्या फळीवर जुन्या पेटीसारखा नाच नव्हता, पण मध्यभागी दाणे थरथरत होते, कडांचे बसून होते. हात ठेवला की थरथर तळव्याला कळत होती. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : पडदा जड असल्यामुळे त्याच्या उलट्या धक्क्याने अख्खी पेटीसुद्धा हलते. त्यामुळे नुसतं हात लावून निदान होत नाही. कड आणि मध्य यांच्यातला फरक म्हणजे फळीचं वाकणं. सगळीकडे सारखी हालचाल असली तर ती पेटीची.

आता मजबुतीकरण. हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग, आणि बहुतेक लोक इथे सरळ आणखी एक थर चढवतात.

फळीची जाडी दुप्पट केली की ती आठपट ताठ होते, हे खरं आहे. पण दुसरा रस्ता आहे गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, लहान करण्याचा. दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीचा गाळा निम्मा केला, तर तेवढ्याच दाबाला ती सोळाव्या हिश्शाइतकीच वाकते. चारही कडांनी धरलेल्या फळीत एवढा फायदा मिळत नाही, आणि जो मिळतो तो आधार कुठल्या दिशेने घातला यावर अवलंबून असतो. सुतारमामा म्हणाले, "ताई, मधोमध उभी पाटी टाकू, खण पाडतो तशी. सरळ काम आहे." कपाटाला ते बरोबरच आहे. पण ४६ बाय ३४ च्या फळीचा लहान गाळा ३४ चा आहे आणि फळीचा ताठपणा मुख्यतः लहान गाळ्यावर ठरतो. उभ्या आधाराने ४६ चे दोन तुकडे पडतात, लहान गाळा ३४ वरून २३ वर येतो आणि वाकणं साधारण चौथ्या हिश्शावर. आडव्या आधाराने ३४ चे दोन होतात, लहान गाळा सतराचा राहतो आणि वाकणं आठव्या-दहाव्या हिश्शावर येतं. लाकूड जवळजवळ तेवढंच, फायदा दुप्पट. मामांना मी हे अंगणात पडलेल्या पातळ प्लायच्या तुकड्यावर दाखवलं. आधी उभी काठी खाली धरून मध्ये अंगठ्याने दाबलं, मग आडवी धरून. त्यांनी स्वतः दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आडवीच घाला."

वजनाचा हिशेबही मांडून बघा. मागच्या फळीवर दुसरा थर चढवायचा तर अडीच किलो, सगळ्या भिंतींवर चढवायचा तर अकरा किलोंहून जास्त, आणि पेटी प्रत्येक बाजूने वाढते. हा आडवा आधार एक किलोसुद्धा भरला नाही.

आडवी पाटी अख्खी घालता येत नाही, कारण मधोमध सबचं मॅग्नेट येतं आणि पेटीतली हवा दोन खणांत विभागून चालत नाही. म्हणून ती सी अक्षराच्या आकाराची कापली. मागच्या फळीला लागून आठ सेंटिमीटर रुंदीचा पूर्ण पट्टा आणि दोन्ही टोकांना पुढच्या फळीपर्यंत पोचणारे नऊ-नऊ सेंटिमीटरचे हात. अशी एकच पाटी मागची फळी, दोन्ही बाजू आणि पुढच्या फळीची भोकाच्या दोन्हीकडची जागा एकमेकांना बांधते. मॅग्नेटच्या मागे साडेतीन सेंटिमीटर मोकळे ठेवले. या सबच्या मॅग्नेटला मागून श्वास घ्यायचं भोक आहे आणि तिथून गरम हवा बाहेर पडते. पाटी अगदी मधोमध न घालता सेंटिमीटरभर खाली घातली, म्हणजे वरचा आणि खालचा गाळा सारख्या मापाचे राहत नाहीत आणि एकाच सुराला दोन्ही एकदम बोलत नाहीत.

तळ आणि माथा यांना जोडायला एक इंची चौकोनी सागवानी काठी उभी घातली, पाटीच्या मागच्या पट्ट्यातून आरपार. जिथे काठी पाटीला छेदते तिथे फेव्हिकॉल भरपूर भरला. भिंतीवरचा जोर आलटून पालटून बाहेर आणि आत असतो. त्यामुळे आधार नुसता टेकून चालत नाही, त्याने ओढूनही धरलं पाहिजे. काठीच्या दोन्ही टोकांना बाहेरून स्क्रू घेतले ते यासाठी. कोपऱ्यांमधून वीस मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे सांध्याला चिकटायला दुप्पट जागा मिळते.

दुसरा थर मी एकाच फळीला दिला, पुढच्या. तिच्यात अठ्ठावीस सेंटिमीटरचं भोक आहे, वर-खाली जेमतेम तीन सेंटिमीटर लाकूड उरतं, आणि सबचं सगळं वजन आणि उलटा धक्का तिथेच येतो. तिथे आधाराला जागाच नाही, जाडीच हवी. दोन थर आधी पूर्ण चिकटवून मग राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) एकदमच भोक पाडलं, म्हणजे कड सलग येते. सब बसवायला लाकडी स्क्रू न वापरता मागून टी-नट (लाकडात रुतून बसणारे लोखंडी नट) ठोकले आणि बोल्ट घेतले. एमडीएफमध्ये स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की भोक ढिलं होतं.

एका मित्राने हरकत घेतली की बीबीसीच्या इंजिनिअरांनी तर पातळ भिंतींच्या पेट्या केल्या होत्या. खरं आहे. १९७७ च्या त्यांच्या अहवालात पातळ प्लायला आतून जड, चिकट थर देऊन भिंतीचा सूर खाली उतरवायची पद्धत दिलेली आहे. पण तो विचार मधल्या सुरांसाठी, माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यासाठी आहे. सबला ऐंशी हर्ट्झच्या वर काही वाजवायचंच नाही आणि माझ्या भिंतींचे स्वतःचे सूर त्याच्या कितीतरी वर आहेत. त्यांच्या खाली राहून फळीला फक्त ताठपणा लागतो. म्हणून सबच्या पेटीत डांबराच्या चादरी चिकटवण्यावर मी पैसे घातले नाहीत. ताठपणाच्या कामी त्या फारशा येत नाहीत.

मागची फळी आता चिकटवली, सगळे सांधे आतून एमडीएफच्या भुशात कालवलेल्या फेव्हिकॉलने भरले आणि बाहेरून लांबी (पुट्टी) लावून घासले. दोन दिवस सुकू दिल्यावर तिसऱ्यांदा रांगोळी. कडेचे आणि मधले दाणे आता एकसारखे, अख्ख्या पेटीबरोबर हलत होते. मध्यभागाचं वेगळं असं काही उरलं नव्हतं.

गळती शोधायला उदबत्तीसारखं साधन नाही. पंचवीस हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावायचा आणि धूर सांध्यावरून, टर्मिनलच्या (वायर जोडायच्या) डबीभोवतीने, सबच्या कडेने फिरवायचा. फट असेल तिथे धुराची रेघ तुटून फुरफुरते. माझ्याकडे टर्मिनलपाशी फुरफुरली, तिथे सिलिकॉन भरला. पेटीचा खरा सूरही घरच्या घरी मोजता येतो : सबकडे जाणाऱ्या वायरच्या वाटेत एक किलोओहमचा रेझिस्टर घालायचा, सूर हळूहळू बदलत न्यायचा आणि सबच्या टोकांवर मल्टिमीटर धरायचा. व्होल्टेज जिथे सर्वांत जास्त, तो पेटीचा सूर. हिशेबातला साडेसत्तेचाळीस होता, मीटरवर एकोणपन्नासच्या आसपास आला. जुन्या सबसाठी हे मी उत्तमच समजते.

पावसाळ्यासाठी एमडीएफच्या सगळ्या कडांना आतून-बाहेरून सँडिंग सीलर पाजला. कड पाणी पिते, सपाट बाजू त्या मानाने कमी. वरून राखाडी कार्पेट, रबरी चिकटवणीने.

गाडीत बसवताना दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. सबसकट पेटी वीस किलोंच्या वर जाते. जोरात ब्रेक लागला किंवा गाडी धडकली तर ती मागच्या सीटवरच्या माणसांवर येते. म्हणून ती नुसती ठेवायची नाही, लोखंडी एल-पट्ट्या आणि बोल्टांनी बांधायची. आणि गाडीच्या तळाला भोक पाडण्याआधी खाली वाकून बघायचं, कारण मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते. मी सीटच्या मूळ बोल्टांनाच पट्ट्या अडकवल्या. दुसरी गोष्ट स्टेपनी. ती डिकीच्या तळाखाली आहे, रस्त्यात पंक्चर झालं की पेटी पाच मिनिटांत निघाली पाहिजे. त्यामुळे पट्ट्यांना विंग नट आहेत आणि वायरला सुटा होणारा जोड. बॅटरीकडून येणाऱ्या वायरला फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा, अँपजवळ (सबला ताकद पुरवणाऱ्या अँप्लिफायरजवळ) नाही. फ्यूज वायरला वाचवतो, अँपला नाही.

पेटी गप्प झाली तेव्हा गाडी बोलायला लागली. आधी नंबरप्लेट, मग डिकीच्या आतल्या प्लास्टिकचा एक कोपरा. नंबरप्लेटमागे फोमची पट्टी गेली, प्लास्टिकच्या क्लिपांना कापडी टेप. वडिलांना शेजारी बसवून त्यांच्याच मंडळाचं ध्वनिमुद्रण लावलं आणि अँपचा आवाज त्यांच्या सांगण्यावरून खाली खाली आणत गेले. त्यांना जो घुमारा बरोबर वाटला, तो मी ठेवणार होते त्याच्या निम्म्यावर होता. नॉबवर तिथे मार्करने खूण केली आहे. बोल्ट महिन्याभराने पुन्हा आवळले, पुढच्या फळीचे दोन थोडे ढिले झाले होते. आता दर सर्व्हिसिंगला ते तपासते.